बहार एकच धरावा

आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात ‘ताण’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक ताण सगळ्यांच्याच ओळखीचा. तो डोक्यावर येतो, झोप उडवतो आणि शेवटी नागपूरच्या डॉक्टरकडे नेतो. दुसरा ताण संत्र्याच्या झाडाला मुद्दाम द्यावा लागतो. आंबिया बहार घ्यायचा असला की डिसेंबरात बागेचे पाणी तोडतात. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत महिनाभर किंवा त्याहूनही अधिक. पानांची चकाकी जाते, ती मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात. पाहणाऱ्याला वाटावे, झाड गेले. बागवान मात्र समाधानाने म्हणतो, “ताण बसला.” मग जानेवारीत पहिले हलके पाणी देऊन ताण तोडतात आणि दोन-तीन आठवड्यांत बाग फुलांनी पांढरी होते. ताण नीट बसला नाही, तर तेच झाड फुलांऐवजी पालवी काढते. दिसायला हिरवेगार, पण हंगामात टोपली रिकामी.

संत्र्याच्या झाडाची आणखी एक खोड आहे. त्याला वर्षातून दोनदा-तीनदा फुलायची हौस असते. जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त आणि जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया. अडवले नाही तर ते थोडे थोडे सगळ्याच वेळी फुलते आणि कोणत्याच वेळी धड फळत नाही. दोन बहार पोसता पोसता झाड खंगते, त्याच्या फांद्यांत सल वाढते. म्हणून जाणता माणूस एकच बहार धरतो. ‘बहार धरणे’ हा आमच्याकडचा शब्दप्रयोगच मुळी मोठा अर्थपूर्ण आहे. बहार येतो तो झाडाला. धरतो किंवा सोडतो तो माणूस.

हे सारे मला लहानपणापासून ठाऊक होते. तरी त्याचा अर्थ माझ्यापुरता उलगडायला वयाची चौसष्ट वर्षे जावी लागली; आणि तो उलगडला बागेत नव्हे, पुतण्याच्या संगणकासमोर.

मी सौंसरला शिक्षक होतो. १९८४ साली नोकरीला लागलो आणि २०२३ साली निवृत्त झालो. घर मराठी, शाळा हिंदी, कचेरी हिंदी, बाजार दोन्ही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, शेजारचा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आमच्याकडची मुले घरात एका भाषेत हट्ट करतात आणि शाळेत दुसऱ्या भाषेत उत्तरे देतात. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. आमची वडिलोपार्जित संत्र्याची बाग पांढुर्ण्याजवळच्या एका गावी आहे. ती माझे थोरले भाऊ पाहतात. त्यांचा मुलगा नागपूरला संगणकाचे शिक्षण घेऊन, दोन वर्षे एका ठिकाणी नोकरी करून परत आलेला. त्याला घरी राहूनच काहीतरी करायचे होते.

२०२४ च्या सप्टेंबरात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीवर गोटमार सुरू असताना आम्ही दोघे घरातच बसलो होतो. नदीकडून गलका ऐकू येत होता. पुतण्या म्हणाला, “काकाजी, बाबाची पाण्याची वही मोबाईलवर आणली तं? कोणत्या वावराले कधी पाणी देल्लं, कधी तोडलं, बोटावर दिसंल.”

भावाची ही वही मला माहीत होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. तिच्यात वरचे वावर, खालचे वावर, पाण्याची पाळी, तारीख, मोटर किती वेळ चालली, एवढेच. कित्येक वर्षांच्या अशा वह्या माळ्यावर बांधून ठेवलेल्या आहेत. कल्पना मला आवडली. पुतण्याने संगणक उघडला आणि एआयला, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला, साध्या हिंदीत आपली गरज सांगितली. तासाभरात पडद्यावर एक वही उभी राहिली. मी थक्क झालो. ज्या कामासाठी पूर्वी पुण्या-मुंबईच्या एखाद्या कंपनीकडे जावे लागले असते, ते आमच्या ओसरीवर एका संध्याकाळी झाले होते. भावाला दाखवले. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिले आणि विचारले, “मंग माझी वही लिहू का नको?”

पुतण्या म्हणाला, “आता कायले लिहिता बाबा? सगळं यातच राहीन.”

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. माझ्या मते पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ त्यात आहे.

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले आणि त्यानंतर अशा साधनांची रांगच लागली. त्यांचे काम ढोबळ शब्दांत सांगायचे तर असे: अफाट मजकूर वाचवून त्यांना घडवलेले असते, आणि आपण जे विचारू त्यापुढे कोणता मजकूर शोभेल हे ती तुकड्यातुकड्याने जुळवत जातात. संगणकाची आज्ञावलीही मजकूरच असल्यामुळे ती तीही लिहितात. ती थकत नाहीत, कंटाळत नाहीत, ‘आज पुरे’ म्हणत नाहीत. उलट काम झाले की बहुधा एक नम्र ओळ येते: हवे असल्यास याला अमुकही जोडून देता येईल. घरी आलेल्या पाहुण्याला एक पोळी वाढून झाली की दुसरी घेऊन उभ्या राहणाऱ्या काकूंसारखे हे अगत्य आहे. काकूंना ‘नको’ म्हणायला आपण लहानपणीच शिकतो. याला ‘नको’ म्हणायचे आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

पाण्याच्या वहीला आधी हवामान जोडले. मग संत्र्याचा बाजारभाव. मग पानाचा फोटो काढून रोग ओळखण्याची सोय. मग तोडाईच्या मजुरांचा हिशेब. मग क्रेटचा हिशेब. मग गावातल्या इतर बागवानांसाठी निराळी वही. मग जामसावळीच्या हनुमानाच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांसाठी वाटेची माहिती. यात मीही मागे नव्हतो, हे कबूल केले पाहिजे. आमच्या बोलीतले शब्द जमवायची माझी जुनी इच्छा होती. ‘काहून’, ‘मले-तुले’, ‘करून राह्यलो’ असे शब्द नि प्रयोग, हिंदीतून येऊन मराठीत विरघळलेले शब्द, शाळेत ज्यांच्यावर लाल रेघ मारण्यात माझीच हयात गेली ते सारे शब्द. मी पुतण्याला म्हटले, “एक शब्दकोशही होऊन जाऊ दे.” तो ‘नाही’ कसे म्हणणार? एक तर मी काका, आणि यंत्र तर तयारच.

दिवाळीपर्यंत अकरा कामे सुरू झाली होती. पाण्याच्या वहीचीच तीन रूपे झाली. पहिले जुने वाटले म्हणून दुसरे, दुसरे गुंतले म्हणून तिसरे. पुतण्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागू लागला. जेवताना ताटाशेजारी मोबाईल. डोळ्यांखाली काळी वर्तुळे. एका रात्री मी पाणी प्यायला उठलो, तर तो पडद्यासमोर नुसता बसलेला होता. बोटे हलत नव्हती. म्हणाला, “काकाजी, सगळंच अर्धं आहे. कोणतं उघडू तेच समजून नाही राह्यलं.” मी शिक्षकी थाटात म्हणालो, “सवयीने जमेल.” त्या उत्तराची मला आज लाज वाटते.

डिसेंबरच्या सुरुवातीला भावाच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. ते नागपूरला मुलीकडे तीन-साडेतीन आठवडे राहिले. जाताना दोन्ही वावरांचे पाणी तोडायला सांगून गेले होते. वरचे वावर हलक्या जमिनीचे. त्याचे पाणी ५ डिसेंबरला तुटले. खालचे वावर भारी काळ्या जमिनीचे, १४० झाडांचे. त्याच्या शेजारी हरभरा होता, आणि हरभऱ्याला पाणी देताना सालदाराने १४ डिसेंबरला खालच्या बागेलाही एक पूर्ण पाळी दिली. ही गोष्ट त्याने लपवली नाही. पुतण्याला सांगितली, पुतण्याने तिची नोंदही केली. पण ती केली होती दुसऱ्या रूपातल्या वहीत.

भाऊ महिनाअखेरीस परतले. २ जानेवारी २०२५ ला त्यांनी मोबाईल उघडला. तिसऱ्या रूपातल्या वहीत खालच्या वावराचे शेवटचे पाणी २८ नोव्हेंबरला दिल्याची तारीख होती. पस्तीस दिवस झाले होते, म्हणजे ताण पुरेसा बसला होता. त्यांनी दोन्ही वावरांना पाणी सोडले. खरे तर खालच्या बागेचा ताण एकोणीसच दिवसांचा होता.

फेब्रुवारीत वरचे वावर फुलले. संत्र्याच्या फुलांचा तो गोड, किंचित उग्र वास बांधापर्यंत येत होता. खालच्या वावरात मात्र नवी कोवळी पालवी लकाकत होती. फुले अगदी तुरळक, शोधावी लागत होती. भाऊ एका झाडाखाली बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “पानं पाहून मले शंका आल्ती. पण म्हटलं, माझा डोळा आत्ताच कापलेला. मोबाईलात तारीख आहे तं तेच खरं असंल.”

त्या रात्री पुतण्याने तिसरी वही उघडून तपासली. तारखा बरोबर दहा-दहा दिवसांच्या अंतराने मांडलेल्या होत्या. खरी शेती असे कधी करत नाही; लाईन जाते, मोटर जळते, पाऊस पडतो. त्या आमच्या नोंदीच नव्हत्या. नवे रूप करताना पान रिकामे दिसू नये म्हणून यंत्राने नमुन्यादाखल भरलेल्या त्या तारखा होत्या. आणि यंत्राने हे लपवलेही नव्हते. त्याच्या लांबलचक उत्तराच्या शेवटी स्वच्छ लिहिले होते की या नमुना नोंदी आहेत, वापरण्यापूर्वी बदलून घ्याव्यात. ती ओळ आम्ही वाचली नव्हती, कारण त्याच संध्याकाळी आम्ही आणखी दोन कामे उघडली होती. त्यातले एक माझा शब्दकोश होता.

भावाने कोणाला एक शब्द बोलून दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून एक कोरी वही काढली आणि तारीख घालून लिहायला सुरुवात केली. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे आम्हा दोघांनाही वाटत राहिले.

त्यानंतर कित्येक दिवस मी या प्रकाराचा विचार करत होतो. दोष कोणाचा? यंत्राचा म्हणावा, तर त्याने सूचना दिली होती. पुतण्याचा आळस म्हणावा, तर तो रात्रंदिवस राबत होता. त्याचा हेतू वाईट नव्हता, बुद्धीही कमी नव्हती. मग चुकले काय?

मला माझ्या शाळेचे जुने दिवस आठवले. १९८० च्या दशकात आम्ही मुलांच्या लेखनाचा एक छोटा वार्षिक अंक काढत असू, सायक्लोस्टाईलवर. प्रत्येक पानाचे स्टेन्सिल कापायचे; चुकले तर लाल रोगणाने बुजवायचे; शाई हातांना, सदऱ्याला लागायची. अंक सोळा पानांचा. सतरावे पान घालणे म्हणजे आणखी एक स्टेन्सिल, आणखी एक संध्याकाळ, आणखी पैसे. त्यामुळे ‘हे घ्यायचे की ते’ हा प्रश्न पहिल्या दिवशीच समोर उभा राहायचा. आम्ही फार विवेकी होतो असे नाही. कष्टच आमच्या वतीने निवड करत होते. आमची ‘नाही’ म्हणण्याची ताकद बरीचशी त्या स्टेन्सिलची होती.

एआयने हा बांध काढून टाकला. कामातले कष्ट कमी झाले, पण त्या कष्टांबरोबर आपल्या नकळत चालणारी निवडही वाहून गेली. १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाविषयीच्या आपल्या ग्रंथात एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली होती. वाफेचे इंजिन कमी कोळशात अधिक काम करू लागले की कोळसा वाचायला हवा. प्रत्यक्षात इंजिने इतकी वाढली की कोळशाचा खप वाढतच गेला. परासियाच्या कोळसा खाणींचा मुलूख आमच्या शेजारी आहे, त्यामुळे हे उदाहरण मला जवळचे वाटते. पुतण्याचे तेच झाले. एका कामाला लागणारा वेळ दहापट कमी झाला, म्हणून त्याने अकरा कामे काढली आणि झोप गमावली.

वेगाची आपल्याला होणारी जाणीवही फसवी असते. ‘मेटर’ नावाच्या अमेरिकेतील संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. आपापल्या प्रकल्पांत मुरलेल्या १६ अनुभवी संगणक-कारागिरांना २४६ कामे दिली. काही कामांत एआय वापरायची मुभा, काहींत नाही. मुभा असलेल्या कामांना सरासरी १९ टक्के अधिक वेळ लागला. काम आटोपल्यावर मात्र त्यांची समजूत होती की आपले काम २० टक्के लवकर झाले! ही पाहणी लहान आहे, त्या वेळच्या साधनांपुरती आहे, ती सर्वांना लागू करणे योग्य नाही. पण मुरलेल्या माणसालाही आपल्या वेगाचा अंदाज इतका चुकवता येतो, हे आमच्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पडद्यावर भराभर काही उमटत असले की काम पुढे जात आहे असे वाटते. पालवी फुटत असली की बाग जोरात आहे असे वाटते, तसेच.

संत्र्याच्या झाडाला खोडापासून सरळ वर जाणारे जोमदार फुटवे येतात. त्यांना आम्ही पानसोट म्हणतो. काटे मोठे, पाने मोठी, वाढ बघण्यासारखी, फळ नाही. झाडाचे अन्न मात्र तेच खातात. नवशिक्याला पानसोट कापताना जीव होत नाही, कारण झाडाचा सगळ्यांत तरतरीत भाग तोच दिसतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात निश्चयी बुद्धीचा विचार आला आहे. ज्याचे ठरले आहे त्याचे मन एका दिशेने जाते आणि ज्याचे ठरलेले नाही त्याच्या मनाला फांद्यांमागून फांद्या फुटत राहतात, असा त्याचा आशय मी वर्गात अनेकदा सांगितला होता. तिथे ‘बहुशाखा’ असा शब्द आहे. हा शब्द शिकवताना मला आमच्याच बागेतला पानसोट कधी आठवला नव्हता.

इथे कोणी विचारील, आणि पुतण्याच्या वयाच्या मुलांनी तर विचारलेच पाहिजे, की प्रयोग करायचेच नाहीत काय? तरुणपणी दहा गोष्टी सुरू करून नऊ सोडून दिल्या तर बिघडले कुठे? शिवाय हिंदी माध्यमात शिकलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या, इंग्रजीत अडखळणाऱ्या सीमेवरच्या पोराला हे दार पहिल्यांदाच उघडले आहे. ते उघडताच तुम्ही म्हातारी माणसे त्याला ‘एकच कर, एकच कर’ म्हणून आत बसवणार का?

हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. म्हणूनच उत्तर शोधायला वेळ लागला. उत्तर मिळाले ते रोपवाटिका आणि बाग यांतल्या फरकात. रोपवाटिकेत जंबेरीची हजारो रोपे असतात. त्यांतली किडकी उपटतात, वाकडी फेकतात, काहींवर डोळा बांधतात, तो काहींना लागतो, काहींना लागत नाही. तिथे फुकट जाणे हा कामाचाच भाग आहे. पण बागेत लावलेल्या झाडाच्या भरवशावर कोणाचे तरी घर चालते. तिथे ‘प्रयोग होता’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

मग रोपवाटिका कुठे संपते आणि बाग कुठे सुरू होते? आमच्या बाबतीत ती रेघ मला अगदी स्पष्ट दिसते. “मंग माझी वही लिहू का नको?” असे भावाने विचारले आणि “कायले लिहिता” असे उत्तर मिळाले, त्या क्षणी ती ओलांडली गेली. त्या क्षणापर्यंत सारे खेळणे होते आणि खेळण्यात काही वाईट नव्हते. पण एका माणसाने आपल्या शब्दावर विसंबून स्वतःची काठी बाजूला ठेवली, की तिथून पुढे आपण त्याचे देणेकरी होतो. त्यानंतर आणखी दहा गोष्टी सुरू करणे हा नुसता लक्ष विचलित होण्याचा प्रश्न राहत नाही. ती त्या माणसाशी केलेली बेइमानी ठरते, मग आपल्या मनात तसे असो वा नसो. एकाग्रता हा अभ्यासाचा किंवा स्वभावाचा गुण आहे, असे मी आयुष्यभर मुलांना शिकवले. आता मला वाटते, तो बऱ्याच अंशी दिलेला शब्द पाळण्याचाच एक प्रकार आहे. किती गोष्टी करता येतील, याचे उत्तर यंत्र देईल आणि ते नेहमी ‘आणखी’ असेच असेल. कोण आपली वाट पाहत आहे, हे मात्र त्याला ठाऊक नसते. ते आपल्यालाच पाहावे लागते.

हे मी पुतण्याला व्याख्यान देऊन सांगितले नाही. तो आधीच पुरेसा खचला होता. महाशिवरात्रीनंतर आम्ही दोघांनी बसून अकरा कामांची यादी केली. प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: याची वाट कोण पाहत आहे? दहांपुढे जागा कोरी राहिली. पाण्याच्या वहीपुढे त्याने लिहिले, ‘बाबा’.

मग त्याने आपल्यापुरते काही नेम केले. बाकीची दहा कामे त्याने पुसली नाहीत, एका साध्या कागदी वहीत उतरवून ठेवली आणि वहीवर लिहिले, ‘पानसोट’. काम करता करता नवी कल्पना सुचली की ती त्या वहीत जाते, यंत्राकडे नाही. सुचलेले कुठेतरी सुखरूप आहे हे कळले की डोके मोकळे होते, असा त्याचा अनुभव. दुसरा नेम असा की यंत्राला एका वेळी एकच लहान काम सांगायचे आणि त्याने जे लिहून दिले ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय पुढचे सांगायचे नाही. जेवढे वाचून समजेल तेवढेच घ्यायचे. समजले नाही तर त्यालाच विचारायचे, तरी नाही समजले तर काढून टाकायचे. तिसरा नेम, रात्री दहानंतर संगणक बंद. बसण्याआधी आज काय करायचे ते एका ओळीत लिहायचे, उठण्याआधी काय झाले आणि उद्या कुठून सुरू करायचे ते दुसऱ्या ओळीत. लांबलेल्या संभाषणात यंत्राच्याही हातून आधीचे धागे सुटतात, म्हणून या दोन ओळी दुसऱ्या दिवशी त्यालाही उपयोगी पडतात. आणि शेवटचा नेम सगळ्यांत महत्त्वाचा: भावाची कागदी वही चालूच राहील. दोन्ही वह्या एक अख्खा हंगाम जुळल्याशिवाय ‘आता लिहू नका’ असे म्हणायचे नाही.

पहिले काही दिवस त्याला फार जड गेले. यंत्राने काही सुचवले की हात शिवशिवत. “काकाजी, हेही ताण देणंच आहे नं,” तो एकदा हसून म्हणाला. मला ते पटले. बाहेरून येऊन बसणारा ताण आणि आपण होऊन सोसलेला ताण यांत बरेच अंतर आहे. पहिल्याने झाड वाळते, दुसऱ्याने ते फुलते. मात्र दुसरा देणाऱ्याने दिवस मोजले पाहिजेत आणि रोज जाऊन पानेही पाहिली पाहिजेत.

जूनमध्ये मृगाच्या सुमारास मी भावाला म्हटले, “खालच्या वावराचा आंबिया तर गेला. मृग धरून नुकसान भरून काढता येईल.” ते म्हणाले, “काही झाडायले थोडी फळं आहेत. जे आहे ते पोसू दे. झाडाले एक साल आराम भेटला तं पुढं कामात येईन.” हे बोलताना त्यांनी पुतण्याकडे पाहिले, की मलाच तसे वाटले, सांगता येत नाही.

माझा शब्दकोश अजून पानसोटाच्या वहीतच आहे. मध्यंतरी मी हळूच विषय काढला होता. पुतण्या म्हणाला, “काकाजी, तुमचं आंबिया झाल्यावर.” वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण जो मुलगा गेल्या वर्षी मला नाही म्हणू शकला नव्हता, त्याला ते म्हणता आले, याचे बरेही वाटले. शब्द मी सध्या हातानेच लिहून ठेवतो. रोज चार-पाच. त्यात मजा आहे.

यंदा दिवाळीच्या आधी बागेत गेलो होतो. वरच्या वावरात आंबियाची फळे पिवळी पडू लागली होती. खालच्या वावरात झाडागणिक दहा-वीस फळे, पण झाडे गडद हिरवी, सल काढून स्वच्छ केलेली. भाऊ बांधावर बसले होते. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. नवी वही अगदी साधी आहे: वावर, तारीख, किती वेळ. त्यांनी एका जागी बोट ठेवले. त्या आठवड्यात पुतण्या बाहेरगावी होता आणि खालच्या वावराच्या रकान्यात तारखेऐवजी दोनच शब्द होते: ‘नोंद नाही.’

“पाह्यलं का,” भाऊ म्हणाले, “जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणते. आता भरवसा ठेवाले हरकत नाही.”

मग खिशातून पेन काढून त्यांनी मांडीवरच्या लाल वहीत त्या दिवसाची तारीख लिहिली.